गुहागरच्या पावसात पिठीसाखर : २३ दिवसांच्या नोंदी

काम : गणपतीच्या ऑर्डरींसाठी साडेसात किलो पिठीसाखर घरी करणे. मुदत २५ ऑगस्ट २०२५, कारण गणपती २७ला.

आई आणि काकू चाकरमान्यांसाठी फराळाच्या ऑर्डरी घेतात. यंदा १२ किलो बेसनलाडू, ५ किलो नानकटाई आणि दीडशे चिरोटे. गेल्या वर्षी पिठीसाखर दुकानातून आणली होती. लाडू टाळूला चिकटत होते, पिठूळ लागत होते, आणि दोघा गिऱ्हाइकांनी ते तोंडावर सांगितलं. मी उरलेल्या पाकिटातली चमचाभर साखर ग्लासभर पाण्यात ढवळून पाहिली. पाणी ताकासारखं पांढरं राहिलं आणि तासाभराने तळाला साका बसला. साखर विरघळून जाते. साका बसतो तो स्टार्चचा. गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा घालतातच, पण हा थोडा नव्हता.

मी म्हटलं, साखर घरात आहे, मिक्सर घरात आहे, यात करायचंय काय? पुढचं सगळं त्या वाक्याचं फळ आहे.

३ ऑगस्ट, रविवार

एक किलो साखर घेतली. मिक्सरच्या मधल्या भांड्यात अर्धा किलो, म्हणजे जवळजवळ गळ्यापर्यंत, भरली आणि सलग दोन मिनिटं फिरवली. वरचे दाणे जसेच्या तसे. खाली पात्याभोवती सिमेंटसारखा थर, आणि त्याच्या मधोमध पोकळी. पातं हवेत फिरत होतं, आवाज मात्र झकास येत होता. चमच्याने खरवडलं, हलवलं, पुन्हा फिरवलं. झाकण लगेच उघडलं तर पांढरा धूर अंगावर. मिशी, चष्मा, खिडकीचे गज, सगळीकडे साखर.

चाळली. बरी वाटली. आईच्या हातावर चिमूटभर ठेवली. तिने जिभेला लावली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

"मेल्या, गणपतीच्या लाडवांना लसणीचा वास?"

श्रावण लागायच्या आधी त्याच भांड्यात लसणाची चटणी केली होती. भांडं घासलेलं होतं, चकचकीत होतं. वास होता झाकणाच्या रबरी वायसरमध्ये. वायसर बाहेर काढून नाकाशी धरला तेव्हा कळलं. एक किलो साखर चहाकडे वळवली. चहालाही पहिले दोन दिवस वास आला.

४ ऑगस्ट

वायसर लिंबाने चोळला, सोड्यात उकळला, दिवसभर वळचणीखाली टांगला. उपयोग नाही. रबर एकदा वास प्यायलं की प्यायलं. शृंगारतळीहून नवीन वायसर आणि नवीन झाकण आणलं, मिळून १४० रुपये. झाकणावर मार्करने "गोड" असं लिहिलं. ही जोडी आता लसूण-मिरचीच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही.

५ ऑगस्ट

पाव किलोची चाचणी. मधेच मिक्सर बंद पडला. गरम झाला होता, जळका वास येत होता. मोटर गेली, असं धरून चाललो. पावसात स्कूटरवर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, मांडीवर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे. त्याने मिक्सर उलटा केला, बुडाशी असलेलं लाल बटण अंगठ्याने दाबलं, चालू करून दाखवला आणि १०० रुपये घेतले. जास्त ताण आला की ते बटण बाहेर येतं आणि मोटर वाचते. थंड होऊ द्यायचं आणि आत दाबायचं, एवढंच. मिक्सर घेऊन नऊ वर्षं झाली, बुडाखाली कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही आत्ताच उलटा करून पाहून घ्या.

त्यानंतरचा नियम : एका वेळी २०० ग्रॅम, भांड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नाही. १५ सेकंद फिरव, थांब, भांडं हलव, असं चार-सहा वेळा. पाच घाण्यांनंतर मिक्सरला पंधरा मिनिटं सुट्टी. झाकण उघडण्याआधी मिनिटभर तसंच ठेवायचं, धूळ खाली बसते.

झाकणावर ओलं फडकं टाका म्हणजे धूर येत नाही, असा सल्ला मला मिळाला होता. एकदा टाकलं. फडक्याचा थेंब आत गेला आणि तेवढ्या जागी लिमलेटच्या गोळीसारखा खडा झाला. फडकं टाकायचं तर कोरडं.

आणि हे गॅसपाशी करू नका. साखरेची धूळ हवेत उडालेली असताना ठिणगी मिळाली तर भडका उडतो. २००८ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका साखर कारखान्यात असाच स्फोट होऊन १४ माणसं गेली. आपला मिक्सर म्हणजे कारखाना नव्हे, पण मी तरी तेव्हापासून मिक्सर माजघरात नेला.

९ ऑगस्ट, शनिवार

दोन किलो दळली. काम सुरेख झालं. मैद्याच्या चाळणीने चाळली, वर उरलेले दाणे पुढच्या घाण्यात टाकले. बोटांमध्ये चोळली तर दाणा लागत नव्हता. स्टीलच्या डब्यात भरली, झाकण दाबून बसवलं. काकूला म्हटलं, झालं, आता रोज दोन किलो.

१० ऑगस्ट

डबा वाजवला तर आतून काहीच हललं नाही. उघडला. वर साय धरावी तशी कडक खपली, आणि खाली अख्खी दोन किलोची ढेप, डब्याच्या आकाराची. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे वाळलेले ठिपके.

चूक माझी. मिक्सरमधून साखर बाहेर येते तेव्हा ती गरम असते, हाताला जाणवण्याइतकी. ती तशीच भरून झाकण लावलं. रात्री डबा गार झाला, आतल्या दमट हवेतलं पाणी झाकणाला सुटलं आणि टपकलं. शिवाय ऑगस्टमध्ये आमच्याकडे हवेतला दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास असतो. साधारण ८५ टक्क्यांच्या पुढे अख्खी साखरदेखील हवेतलं पाणी ओढायला लागते. पिठी तर त्याच्या आधीच. दाणे ताजे फुटलेले असतात, ओल मिळाली की एकमेकांना धरतात.

ढेप बत्त्याने फोडली. तुकडे पाहून शेजारची पोरं जमली. पुन्हा दळायचा प्रयत्न केला तर ती ओलसर साखर पात्याला चिकटून बसली. दोन किलो, तीन तास आणि शनिवारची सकाळ गेली.

१२ ऑगस्ट

मुद्दा आज डोक्यात शिरला : दळणं सोपं आहे. साखर सादळू न देणं हे काम आहे. पापड सादळतो, चिवडा सादळतो, तशीच साखर. दळायच्या आधीपासून ती सादळलेलीच असते. दुकानातलं पोतं पावसाळाभर उघडंच असतं, आणि साखर मुळात घाट उतरून आमच्याकडे येते, वाटेत तिने काय काय प्यायलंय ते तिलाच माहीत.

म्हणून आधी वाळवायची. ऊन नाही. अर्धा किलो कढईत घालून मंद आचेवर परतली. हलवता हलवता फोन आला. खालची साखर पिवळी पडली आणि तिला पाकाचा वास सुटला. मग उरलेली परातीत घालून न्हाणीतल्या चुलीशेजारी, निखारे मागे ओढून, ठेवली. ऊब छान होती, पण चुलीत सोडणं होती. नारळाच्या सोडणाचा धूर साखरेत बसला. आई म्हणाली, "लसूण झाली, धूर झाला, आता रॉकेल तेवढं राहिलंय."

१३ ऑगस्ट

काकूने सुचवलेला उपाय : कपाटातला दिवा. पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून आमच्याकडे लाकडी कपाटात बल्ब लावून ठेवतात, आजीच्या वेळेपासून. बैठ्या कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे केले, परातीत साखर पसरली, बल्ब लावला, दार लावलं. सकाळी पाहिलं, साखर होती तशीच गार आणि सर्द.

कारण बल्ब एलईडीचा होता. तो उजेड देतो, ऊब देत नाही. आजीच्या वेळचा बल्ब पिवळा, तारेचा, हात लावला तर भाजणारा.

चार दुकानं फिरलो. एका हार्डवेअरवाल्याच्या माळ्यावर ६० वॅटचे दोन निघाले, धूळ झटकून दिले, २५ रुपयांना एक. "कोंबडीची पिल्लं ठेवलीत काय?" त्याने विचारलं. हो म्हटलं. साखर वाळवतोय हे सांगायला जरा लाज वाटली.

१४ ऑगस्ट

पिवळ्या बल्बने काम केलं. रात्रभरात साखर मुठीतून वाळूसारखी सुटायला लागली. आधी ती सुटताना किंचित अडखळायची.

दुपारी जातं काढलं. पूर्वी करंज्यांसाठी साखर जात्यावर दळत असं आई म्हणते, म्हणून हौस. पाव किलो घेतली. वरच्या दगडाच्या तोंडात मूठभर घातली, खुंटा धरून बसलो. पहिल्या चार फेऱ्या ठीक, मग जातं जड, मग जागच्या जागी. वरचा दगड उचलला तर टाकीने पाडलेल्या खाचा साखरेने बुजलेल्या, वर चकाकी. शिवाय खाचांत जुनी नाचणी होती, त्यामुळे साखरेला करडी झाक आली. जातं धुवून पुसून सुकवायला जे दोन दिवस गेले ते वेगळेच. गिरणीवाल्याने तर पिशवी बघूनच हात जोडले होते, त्याचा अर्थ आता कळला.

१६ ऑगस्ट, शनिवार

आता स्टार्च. मला पिठूळपणा नको होता, पण चिरोट्यांवर भुरभुरवायची साखर मोकळी राहायला हवी. दुकानात "मक्याचं पीठ" मागितलं. घरी येऊन पाव किलो साखरेत मिसळलं तर साखर पिवळी, कच्च्या भाकरीचा वास. मक्याचं पीठ वेगळं आणि कॉर्नफ्लोअर वेगळं. पहिलं अख्ख्या दाण्याचं, दुसरं नुसता आतला स्टार्च, पांढराशुभ्र, चिमटीत धरलं की चुरचुरणारं. दुकानदाराची चूक नाही, मी मागितलं तेच त्याने दिलं.

आई म्हणाली, त्यापेक्षा तवकील, म्हणजे आरारूट घे. उपासाला चालते, हरताळकेच्या दिवशी कोणी चिरोट्यावरची चिमूट तोंडात टाकली तर प्रश्न नको. (चिरोटा मैद्याचा असतो, हे मी तिला सांगितलं नाही.) तवकील ६० रुपयांची आणली.

तीन बरण्या केल्या, प्रत्येकी पाव किलो, वाळवलेल्या साखरेच्या. पहिली नुसती. दुसरीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. तिसरीत किलोला ३० ग्रॅमच्या हिशेबाने साडेसात ग्रॅम तवकील, साखरेबरोबरच फिरवून. रोज सकाळी तिन्ही बरण्या मिनिटभर उघड्या ठेवायच्या, स्वयंपाकात होतं तसं. उरलेली दोन मुठी नुसती पिठी एका छोट्या झिप पिशवीत हवा काढून बंद केली आणि विसरलो.

१९ ऑगस्ट

दोन दिवस धो धो पाऊस, लाइट येतंय-जातंय. कपाटातला बल्ब बंद, पण बरण्यांसाठी याहून चांगली परीक्षा नाही.

पहिली बरणी : बोटभर जाडीची खपली, खाली गुठळ्या. दुसरी : पुरचुंडीच्या आजूबाजूला मोकळी, कडेला गुठळ्या. तांदूळ काम करतो, पण त्याचा हात जवळपासच पोचतो. तिसरी : मोकळी, चमच्याने उचलली की घसरते.

आणि ती विसरलेली पिशवी. तिच्यात काहीच घातलं नव्हतं, आणि ती मैद्यासारखी मऊ. म्हणजे साखर डब्यात बसून सादळत नाही. आपण दर वेळी झाकण उघडून पावसाळा आत सोडतो, त्याने सादळते. साडेसात किलोचा एक डबा हा विचारच बाद. पाव-पाव किलोच्या पिशव्या, एक फोडली की संपवायची. पिशव्या आणल्या, ४५ रुपये.

यावरून पुढचं ठरलं. लाडवांना आणि नानकटाईला स्टार्च अजिबात नको, ती साखर नुसती आणि शक्यतो त्याच दिवशी दळलेली. तवकील फक्त चिरोट्यांच्या साखरेत.

२१ ऑगस्ट

मुंग्या. मिक्सर पुसला होता, पण बुडाखालच्या भोकांत साखर बसली होती. सकाळी माजघराच्या भिंतीवरून काळी रेघ थेट मिक्सरमध्ये गेलेली. चालू केला असता तर काय झालं असतं ते नको. मिक्सर अंगणात नेऊन झटकला, जुन्या दात घासायच्या ब्रशने भोकं साफ केली. आता मिक्सर पाण्याच्या परातीत पाट ठेवून त्यावर. डब्यात लवंगा घालायची पद्धत आहे, अख्ख्या साखरेला ती ठीक. पिठीला लवंगेचा वास दोन दिवसांत लागतो, नानकटाईत तो चालला असता, लाडवात नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

लाडवांची चाचणी, अर्धा किलो पिठीची. आईचं प्रमाण वाटीचं आहे. तिने वाट्या मोजून घातल्या आणि लाडू अगोड झाले. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी साखरेतली गोडी काढून घेतली होती.

वाटी काट्यावर ठेवली. त्याच वाटीत अख्खी साखर १६८ ग्रॅम. ताजी चाळलेली पिठी १०४. वाटी ओट्यावर आपटून आपटून भरली तेव्हा १३१. दुकानातली पिठी पाकिटात दबून बसलेली असते, आईचं प्रमाण त्या दबलेल्या साखरेचं होतं. आता वजनानेच : एक किलो बेसनाला ७५० ग्रॅम. आईने काटा मान्य केला, पण वाटी शेजारी ठेवलीच.

२४ आणि २५ ऑगस्ट

रविवार-सोमवार. साखर आता एस-३० घेतली. पहिल्या वेळची एम-३० होती, तिचा दाणा मोठा. बारीक दाण्याची घाणी चार झटक्यांत होते, मोठ्या दाण्याला सहा लागायचे. साडेआठ किलो आदल्या रात्रीपासून कपाटात, दोन परातींत, मधे एकदा हलवून.

सकाळी सहाला सुरुवात. वाळवलेली साखर आधी झाकून गार केली, कोमट साखर दळली तर मिक्सरची ऊब वर चढते आणि पुन्हा १० ऑगस्ट. दोनशे-दोनशे ग्रॅम. दळलेली पिठी भांड्यातच झाकण लावून दोन मिनिटं, मग चाळणी, मग परात, आणि परात परत कपाटात, दिवा चालू. गार झाल्यावर तिथेच बसून पिशव्या भरल्या. कपाटात डोकं घालून बसलेला माणूस पाहून पोस्टमन क्षणभर थबकला.

चिरोट्यांची साखर शेवटी मलमलीतून वस्त्रगाळ केली. वेळखाऊ आहे. एक किलोला चाळीस मिनिटं, आणि हात दुखतात. पण चाळणीची आणि वस्त्रगाळ अशा दोन चिमटी काळ्या पाटीवर ठेवून बघा, फरक डोळ्याला दिसतो. लाडवांना याची गरज नाही.

साडेआठ किलोतून आठ किलो १५० ग्रॅम मिळाली. बाकी ३५० ग्रॅम चाळणी, भांडी, हवा आणि माझे केस. दोन दिवसांचे मिळून साडेपाच तास.

२६ ऑगस्ट

चिरोटे. काकूने पहिले दहा तळणीतून काढल्याबरोबर मी हौसेने साखर भुरभुरवली. साखर तुपात भिजून तुपकट डाग. "गार होऊ देत रे, तुझी साखर कुठे पळतेय?" बाकीचे १४० गार झाल्यावर. पांढरे, कोरडे, पाकळ्यांच्या फटींत साखर बसलेली. ते दहा घरी खाल्ले, चवीला तेच बरे होते.

हिशेब : साखर १४ किलो, ४६ रुपये भावाने ६४४. वायसर-झाकण १४०, लाल बटण १००, दोन बल्ब ५०, तवकील ६०, पिशव्या ४५. एकूण १,०३९ रुपये. दुकानातली पिठी आमच्याकडे ८० रुपये किलो होती, साडेसात किलोचे ६०० झाले असते. यंदा तोटाच. पुढच्या वेळी चुका वजा केल्या तर किलोला पन्नासच्या आत बसेल, विजेचा खर्च किलोमागे रुपयाभर. वाया गेलेली बरीचशी साखर चहात जिरवली, पिवळी आणि करडी मात्र कशातच गेली नाही.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

शिल्लक दोन पिशव्या, एक नुसती, एक तवकीलवाली, दोन्ही न फोडलेल्या. आज फोडल्या. तवकीलवाली तशीच मोकळी. नुसतीच्या कोपऱ्यात सुपारीएवढी एक गुठळी, बोटाने दाबली तर फुटली. एका कोपऱ्याची झिप नीट बसली नव्हती.

लाडवांबद्दल एकच तक्रार आली, आकार लहान आहे. तो विभाग काकूचा. दिवाळीला आईने वीस किलो लाडवांची ऑर्डर घेतलीय, मला न विचारता. दुसरा पिवळा बल्ब कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कापसात गुंडाळून ठेवला आहे.